विश्रांती ही मेहेरबानी नव्हे, हक्क आहे!

कोपरखैरणेत रात्र कधी पुरी होत नाही. मध्यरात्र उलटली की माथाडींच्या वसाहतीतून माणसे तुर्भ्याच्या बाजाराकडे निघतात. भाजीपाल्याच्या गाड्या तिथे आधीच लागलेल्या असतात. पहिली लोकल सुटायच्या आधी एखादी टॅक्सी गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबते. गणवेशातली, केस घट्ट बांधलेली एक मुलगी बॅगेची चाके वाजू नयेत म्हणून ती हातात उचलून जिना उतरते. टॅक्सी ऐरोलीच्या पुलाने नाही तर वाशीच्या खाडीपुलाने मुंबईच्या विमानतळाकडे निघून जाते. माथाडी, हमाल, सफाई कामगार यांच्या घरांतली मुलेमुली आता विमानात काम करू लागली आहेत. बाप पोते उचलायला जातो आणि लेक विमानात चढते. झोप दोघांचीही मोडते.

फरक एवढाच, की बापाला सगळे कामगार म्हणतात आणि लेकीला 'हवाई सुंदरी'. आमच्या मते फसवणुकीची सुरुवात या शब्दापासूनच होते. सुंदरी म्हटले की तिला थकवा येत नाही, तिचे पाय सुजत नाहीत, तिची पाळी चुकत नाही, तिला युनियन लागत नाही. वास्तविक तिचे काम चहा वाटण्याचे नाही. विमानाला आग लागली तर नव्वद सेकंदांत माणसे बाहेर काढणे, आकाशात कुणाचे हृदय बंद पडले तर ते पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न करणे, यासाठी कायद्याने तिला विमानात ठेवलेले असते. असे काम जिच्या अंगावर आहे ती सलग चौथ्या दिवशी अर्धवट झोपेत उभी असेल, तर तो फक्त तिच्या घरचा प्रश्न राहत नाही.

डिसेंबरात काय घडले?

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात देशातील विमानतळांवर हाहाकार उडाला. देशांतर्गत प्रवाशांपैकी साठ टक्क्यांहून अधिक प्रवासी वाहून नेणाऱ्या इंडिगो कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली. ५ डिसेंबरला एकाच दिवसात हजारावर उड्डाणे रद्द झाली. लग्नाची वऱ्हाडे, रुग्णांचे नातेवाईक, मुलाखतीला निघालेले उमेदवार विमानतळाच्या फरशीवर झोपले. त्यांचे हाल खरेच झाले, ते कुणी नाकारू नये. पण वाहिन्यांवर सांगितले काय गेले? वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम आले आणि विमाने जमिनीवर बसली! म्हणजे दोष कुणाचा, तर झोपेचा.

हे नियम आकाशातून पडले होते काय? नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने ते ८ जानेवारी २०२४ रोजी जाहीर केले होते. वैमानिकाला आठवड्यातून सलग ३६ तासांऐवजी ४८ तास विश्रांती द्यावी. 'रात्र' म्हणजे बारा ते पाच नव्हे, बारा ते सहा. रात्रीच्या ड्युटीत विमान सहा वेळा नव्हे, दोनच वेळा उतरवावे. रात्रीची ड्युटी दहा तासांहून अधिक नसावी. थकव्याच्या तक्रारींचा अहवाल कंपन्यांनी दर तीन महिन्यांनी द्यावा. हे १ जून २०२४ पासून लागू व्हायचे होते. कंपन्यांनी कुरकुर केली आणि तारीख पुढे गेली. वैमानिकांच्या संघटनांना दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले. शेवटी १ जुलै २०२५ आणि १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन हप्त्यांत नियम लागू झाले.

वाचकहो, हिशेब करा. नियम जाहीर झाल्यापासून पूर्ण लागू होईपर्यंत जवळजवळ बावीस महिने मिळाले. माणसांना विश्रांती द्यायची तर माणसे जास्त लागतात, हे समजायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. आमच्या नाक्यावरचा वडापाववालासुद्धा दोन पाळ्या चालवायच्या तर दोन पोरे ठेवतो. इतकी मोठी कंपनी बावीस महिन्यांत ही तजवीज करू शकली नाही. तेव्हा सरकारने काय केले? रात्रीच्या कामाच्या नियमांतून तिला १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली. साप्ताहिक विश्रांतीच्या जागी रजा धरू नये ही अटही मागे घेतली. कंपनीची उड्डाणे दहा टक्क्यांनी कमी करायला लावली, हे खरे. पण पहिली कुऱ्हाड पडली ती विश्रांतीवर. चूक नियोजनाची होती आणि भरपाई कामगाराच्या झोपेतून केली गेली. गिरणी असो की विमान, या देशात हा रिवाज जुनाच आहे.

शरीर टाइमटेबल पाळत नाही

थकवा म्हणजे आळस, कामचुकारपणा, असे समजणाऱ्यांची संख्या मोठी आहे. त्यांच्यासाठी थोडे शास्त्र सांगितले पाहिजे. माणसाच्या शरीरात एक घड्याळ असते आणि ते सूर्यावर चालते. पहाटे दोन ते सहा या वेळात शरीराचे तापमान खाली जाते, नजर मंदावते, निर्णयाला वेळ लागतो. कितीही हुशार, कितीही अनुभवी माणूस असला तरी त्याची या तासांतून सुटका नाही. सतत सतरा तास जागे राहिलेल्या माणसाची हालचाल रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसासारखी होते, हे प्रयोगांनी दाखवून दिले आहे. आपल्याकडे उड्डाणापूर्वी कर्मचाऱ्यांची मद्याची चाचणी होते, ती झालीच पाहिजे. पण नळीत फुंकून थकवा मोजणारे यंत्र अजून निघालेले नाही. म्हणून तर कायद्याला तास मोजावे लागतात.

दिवसाच्या आठ तासांची झोप रात्रीच्या आठ तासांची बरोबरी करत नाही. दुपारी पत्र्यावर ऊन तापलेले, खाली भंगारवाला ओरडतोय, शेजारी हळदीचा डीजे लागलेला. रोस्टरवर 'विश्रांती' लिहिलेले असते, पण डोळा लागलेला नसतो. त्यात आज पहाटेची ड्युटी, परवा रात्रीची, पुढच्या दिवशी दुपारची, असे चक्र फिरत राहिले की शरीराला कुठली वेळ आपली तेच कळेनासे होते.

१७ ऑगस्ट २०२३ रोजी नागपूर विमानतळावर पुण्याला निघालेल्या विमानाचा एक वैमानिक बोर्डिंग गेटजवळच कोसळला आणि मरण पावला. वय अवघे चाळीस. आदल्या दिवशी पहाटे त्याने उड्डाणे केली होती, त्यानंतर त्याला २७ तासांची विश्रांती मिळाली होती, असा खुलासा झाला. त्याचा मृत्यू थकव्यानेच झाला असे आम्ही म्हणत नाही, तसे म्हणण्याचा आम्हाला अधिकारही नाही. पण कागदावरचे तास पुरे भरले म्हणजे माणूस ताजातवाना झाला, हा निष्कर्ष आम्हाला मान्य नाही.

आणि ज्या अपघातात झोपेचा संबंध चौकशीनेच दाखवला, तोही विसरू नये. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान मंगळूरला धावपट्टी ओलांडून दरीत कोसळले. १५८ माणसे मेली, फक्त ८ वाचली. विमानातील ध्वनिमुद्रणात मुख्य वैमानिकाच्या घोरण्याचा आवाज होता. दोन तासांच्या मुद्रणात दीड तासाहून अधिक काळ तो झोपलेला होता. गाढ झोपेतून उठल्यावर मेंदू काही वेळ बधिर असतो, त्या अवस्थेत त्याने विमान उतरवले, असे चौकशीत आढळले. त्या विमानात आखातातून घरी येणारे साधे कामगार होते. कामगाराचा थकवा कामगारालाच कसा मारतो, याचे इतके दुःखद उदाहरण दुसरे नसेल.

कामाचे तास कुणी कमी केले?

आज आठ तासांचा दिवस हा जणू निसर्गनियम आहे असे तरुण पिढीला वाटते. तो कुणी आयता दिलेला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांनी कारखाने कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले आणि १९४६ साली बारमाही कारखान्यांतील कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आले. त्यांच्या लेखी विश्रांती हा माणूसपणाचा भाग होता. दिवसभर राबून मेलेल्या माणसाला वाचन नाही, विचार नाही, मुलांशी बोलणे नाही, सभेला जाणे नाही. ज्याच्याकडे वेळ नाही त्याच्याकडे नागरिकत्वही उरत नाही.

आता उलटा प्रवास सुरू आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील रोजच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता अमलात आल्या. त्यांत संपासाठी १४ दिवसांची नोटीस सक्तीची झाली. निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी एकाच दिवशी ठरवून किरकोळ रजा घेतली तर तोही संपच समजला जाणार आहे. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईच्या कामगारांनी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध जो संप केला, त्यात बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आघाडीवर होता. संपाचा अधिकार गेला की कामगार म्हणजे वेठबिगार, हे त्या पिढीला कळले होते.

संपाची वाट बंद झाली की आजारपण हीच वाट उरते. मे २०२४ मध्ये एअर इंडिया एक्सप्रेसच्या शेकडो कर्मचाऱ्यांनी एकाच वेळी आजारी रजा टाकली. कंपनीने २५ जणांना कामावरून काढले. मुख्य कामगार आयुक्तांपुढे बोलणी झाली, मग त्यांना परत घेतले. १२ जून २०२५ च्या अहमदाबादच्या भीषण अपघातानंतर चार दिवसांनी, १६ जूनला, एअर इंडियाच्या ११२ वैमानिकांनी आजारी रजा घेतली, असे सरकारनेच संसदेत सांगितले. आपल्यासारखीच नोकरी करणारी माणसे जळून मेलेली पाहून ज्याच्या मनावर काही परिणाम होत नाही, त्यालाच खरे तर तपासले पाहिजे.

तिकडे कॅनडात ऑगस्ट २०२५ मध्ये एअर कॅनडाच्या सुमारे दहा हजार हवाई सेवक-सेविकांनी संप केला. मुख्य मागणी काय? विमान जमिनीवर असताना आम्ही जे काम करतो त्याचा पगार द्या. प्रवासी चढवणे, दारे तपासणे, उशीर झालेल्या विमानात तासन् तास उभे राहणे, हे सगळे काम, पण दाम मिळायचे विमान हलल्यावर. सरकारने कामावर परत जाण्याचा आदेश दिला तरी संघटना हटली नाही. काही दिवसांत करार झाला. आपल्याकडेही कमाईचा मोठा भाग उड्डाणाच्या तासांवर अवलंबून असतो. त्यामुळे अंगात ताप असला तरी 'मला बरे नाही' हे शब्द तोंडातून निघत नाहीत. उड्डाण गेले की घराचा हप्ता अडतो.

विमानाखालची माणसे

वैमानिकाला निदान नियमावली आहे, संघटना आहे, कोर्टात जाण्याची ऐपत आहे. डिसेंबरातला सगळा वाद त्याच्या नियमावलीवर झाला. हवाई सेवक-सेविकांची नियमावली वेगळी, तिच्यावर चर्चासुद्धा झाली नाही. आणि त्याहून खाली, विमानाच्या पोटात सामान भरणारा, शौचालय साफ करणारा, रात्री दोन वाजता शिडी ओढणारा माणूस तर कुणाच्याच हिशेबात नाही.

तो कोण आहे हे १६ जुलै २०२४ रोजी मुंबईने पाहिले. विमानतळावरच्या हमालकामाच्या २,२१६ जागांसाठी कलिन्याला थेट मुलाखती ठेवल्या होत्या. सुमारे पंचवीस हजार तरुण आले आणि चेंगराचेंगरी होता होता राहिली. नोकरी कंत्राटी, पगार वीस-पंचवीस हजार. त्या गर्दीत पदवीधर होते, विदर्भ-मराठवाड्यातून रात्रभर प्रवास करून आलेले होते. बाहेर एवढी रांग उभी असताना आत काम करणारा माणूस 'मी थकलो' असे कुणाला सांगणार?

एअर इंडिया सरकारी होती तोवर तिथे अनुसूचित जाती-जमातींना आरक्षण होते. २७ जानेवारी २०२२ रोजी ती टाटांकडे गेली आणि पुढच्या भरतीतले आरक्षण संपले. खाजगी कंपनीत आमची मुले पोचतात ती स्वतःच्या हिमतीवर. पोचल्यावर काय वाट्याला येते? जून २०२५ मध्ये एका प्रशिक्षणार्थी वैमानिकाने, जातीच्या धंद्यावरून आपल्याला हिणवले गेले आणि पगार व रजेच्या बाबतीत त्रास दिला गेला, अशी तक्रार पोलिसांत नोंदवली. कंपनीने आरोप फेटाळले. निकाल न्यायालय देईल. पण रजा मागणे हे सगळ्यांना सारखे सोपे नसते, एवढे यातून समजून घ्यावे. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांपुढे बोलताना बाबासाहेबांनी दाखवून दिले होते, की अस्पृश्याला गँगमनच ठेवतात, हमालाच्या जागीही घेत नाहीत, कारण हमालाला स्टेशनमास्तरच्या घरातही राबावे लागते. रूळ गेले, धावपट्टी आली, पण कुणी वर चढायचे आणि कुणी खाली राहायचे, हा प्रश्न तोच आहे.

स्त्रियांनी तर या धंद्यात आपला प्रत्येक हक्क भांडून मिळवला. पहिल्या गरोदरपणातच हवाई सेविकेची नोकरी संपवणारा एअर इंडियाचा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली नर्गिस मिर्झा खटल्यात रद्द केला. तोवर आई होणे हा जणू गुन्हा होता. आज नियम नाही, पण रात्रीच्या ड्युटीवरून येऊन सकाळी डबा करणारी सून अजून घरोघर आहे. कंपनी तिला विश्रांती देते आणि घर ती काढून घेते, हेही आपण प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे.

म्हणून आधी आपल्या घरांपासून सुरुवात करू. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला, मग तो माथाडी असो, परिचारिका असो की विमानातला, सात तास सलग झोपू द्यावे. खिडकीला जाड काळा पडदा लावावा, फोन बंद ठेवावा, पाहुणा आला म्हणून उठवू नये. ड्युटीच्या शेवटच्या तासांत चहावर चहा घेऊ नये, कारण मग घरी झोप येत नाही. ड्युटीआधी वीस-पंचवीस मिनिटांची डुलकी घ्यावी. जागरणानंतर ठाणे-बेलापूर रस्त्यावर स्वतः दुचाकी चालवत येऊ नये. आणि वस्तीतल्या मंडळांनी, आपल्या जयंती समित्यांनीही, दिवसाचा भोंगा लावताना शेजारी कुणी रात्रपाळीचा झोपला आहे का, हे एकदा पाहावे. यात खर्च काही नाही, माणुसकी आहे.

पण पडद्याने रोस्टर बदलत नाही. थकवा हा स्वभावदोष समजून 'स्वतःला सांभाळा' असा उपदेश करणाऱ्या कंपन्यांच्या शिबिरांनी प्रश्न सुटत नाही. आमच्या मागण्या साध्या आहेत. वैमानिकांच्या नियमांना पुन्हा सूट देऊ नये. हवाई सेवक-सेविकांना आणि जमिनीवरच्या कामगारांनाही रात्रीच्या कामाची तीच मर्यादा लावावी. 'मी थकलो आहे' असे लेखी कळवणाऱ्याचा पगार आणि बढती अडवू नये. थकव्याच्या तक्रारी किती आल्या आणि त्यांचे काय केले, हे कंपनीवार जाहीर करावे.

आणि एक मागणी खास नवी मुंबईची. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी आपल्या विमानतळाचे उद्घाटन झाले, २५ डिसेंबरपासून विमाने उडू लागली. पहिल्या टप्प्यात वर्षाला दोन कोटी प्रवाशांची सोय आहे. या कामावर कोपरखैरणे, घणसोली, तुर्भे, पनवेलचीच पोरे जाणार. ती कंत्राटदारांच्या हाती तुकड्यातुकड्यांनी विकली जाऊ नयेत. याच महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा केला. हमालाला एक मालक नव्हता, रोज वेगळा व्यापारी. तरी कायद्याने मंडळ नेमले, नोंदणी केली, मजुरी मंडळातून दिली, भविष्यनिर्वाह निधी दिला. कोपरखैरणेतल्या वसाहती त्याच लढ्याच्या विटांवर उभ्या आहेत. मग विमानतळावर सामान उचलणाऱ्या हमालाला तसेच मंडळ का नको? ओझे तेच आहे, फक्त पोत्याची सुटकेस झाली आहे.

पहाटे टॅक्सीत बसणाऱ्या आमच्या लेकीने एवढे ध्यानात ठेवावे. तुझ्या बापाला कायद्याचे संरक्षण मिळाले ते तो कामगार म्हणून संघटित झाला म्हणून. तूही कामगारच आहेस. गणवेश कितीही कडक इस्त्रीचा असला तरी त्याच्या आतल्या देहाला झोप लागते, आणि ती मागायला लाजायचे कारण नाही.